खाऱ्या हवेतलं कॉकपिट: पॅनेल विकत घ्यावं की घरी करावं?

देवगडहून एका तरुणाने विचारलं आहे, ते थोडक्यात असं: "काका, आंब्याचा हंगाम आटोपला, हातात चाळीसेक हजार आहेत. पीसी आहे, त्यावर विमान उडवायचा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आहे, एक साधी जॉयस्टिक आहे. सेसना १७२ या छोट्या विमानाचं पॅनेल करायचंय, पुढे जमलं तर एअरबस ए३२० या प्रवासी जेटचं. तयार घेऊ की स्वतः बनवू? बनवलं तर निम्म्यात होतं असं सगळे म्हणतात. खोली माडीवर आहे, वर कौलं, आणि समुद्र घरापासून हाकेवर."

निम्म्यात होतं हे दुसऱ्या पॅनेलपासून खरं. पहिल्या पॅनेलच्या खर्चात सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, क्रिंपिंगचा पक्कड, वाया गेलेलं ॲक्रिलिक आणि मुंबईहून दोनदा मागवलेले तेच ते स्विच हे सगळं येतं, आणि सांगणारे ते सोयीस्कर विसरतात. पण तुझ्या जागी मी असतो तर पैशाचा हिशेब नंतर मांडला असता. तू सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंयस ते आधी घेतलं असतं: समुद्र हाकेवर आहे.

माझा धंदा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरचे फिश फाइंडर, जीपीएस, व्हीएचएफ सेट दुरुस्त करण्याचा. सिमची, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटरची पॅनेलं हा छंद, पण त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि दुसऱ्यांची पॅनेलंही दुरुस्तीला येतात. पॅनेल घरी केलेलं असो नाहीतर डॉलर मोजून आणलेलं, किनाऱ्यावर ते कुरबूर करायला लागतं बहुधा दुसऱ्या पावसाळ्यानंतर. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो की तेव्हा ते उघडणार कोण? जे उघडून, पार्ट बदलून पुन्हा बंद करता येतं ते घरी कर किंवा तसंच बघून विकत घे. ज्यात अचूक घडवलेले फिरते भाग आहेत आणि जे घरी नीट होणारच नाही ते विकत घे, पण डोळे उघडे ठेवून.

आधी शत्रू नीट ओळख. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत कोरडं राहतं. त्याच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आषाढात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पाझरते ती त्यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याहून आधीच ओले होतात. ऑक्टोबर ते मे वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण सर्किट बोर्डावर गुपचूप बसतात, काहीच बिघडत नाही. मृग लागला, आर्द्रता नव्वदीला गेली की त्याच कणांचं खारं पाणी होतं आणि जिथे वीज जायला नको अशा दोन पिनांमधून ती झिरपायला लागते. लँडिंग लाइट आपोआप लागतो, फ्रिक्वेन्सी स्वतःहून सरकते. लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात, विंडोज नव्याने टाकतात. दोष असतो पाव इंच जागेत बसलेल्या मिठाचा.

यावर उपाय फुकटात आहे. बाहेर तापमान २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असताना पॅनेलच्या पेटीतली हवा फक्त ५ अंशांनी गरम ठेवली, तर आतली आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे मिठाच्या त्या रेषेच्या खाली. कपड्यांच्या कपाटात बल्ब लावून ठेवायची आपल्याकडची जुनी रीत आहे, तिच्यामागे हेच गणित. पॅनेलमागे बॅकलाइटची एलईडी पट्टी असतेच. दोन-तीन वॉटचा तो उजेड जून ते सप्टेंबर रात्रंदिवस मंद चालू ठेव आणि पेटीची मागची बाजू बंद कर. सिलिका जेलच्या पुड्या टाकून निश्चिंत बसू नकोस. झिरपणाऱ्या पेटीत त्या काही दिवसांत भरून जातात, मग नुसत्या शोभेच्या.

आता काय विकत घ्यायचं ते. योक, म्हणजे विमान वळवायचं हातातलं सुकाणू, विकत घे. दोन अक्षांवर न डगमगता सरकणारा, हात सोडला की मध्यावर परत येणारा दांडा घरी करणं म्हणजे लेथवाल्याच्या दारात बसून राहणं. बेअरिंगमध्ये केसाएवढी ढिलाई राहिली तरी विमान आडवं सरळ ठेवताना ती हाताला जाणवते. जुना मिळाला तर जुनाच घे, फक्त आत हॉल सेन्सर आहे की पोटेन्शिओमीटर ते विचार. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, त्यात काही घासत नाही, त्यामुळे खाऱ्या हवेचा त्याला विशेष त्रास नाही. पोटेन्शिओमीटरमध्ये कार्बनच्या पट्टीवरून पत्र्याची जीभ सरकते. तिथे मीठ आणि धूळ बसली की विमान सरळ जात असतानाही आलेखात काटे उभे राहतात. रडर पेडलचं, म्हणजे शेपटीचं सुकाणू पायाने फिरवायच्या पेडलांचं, मात्र माझं मत जरा वेगळं आहे. ग्रिलवाल्याकडून लोखंडी पेडल करून घेतलेले मी पाहिलेत आणि ते बाजारातल्या प्लास्टिकच्या पेडलांपेक्षा चांगले चालतात, कारण पायाखाली वजन असलेलं बरं. रेड ऑक्साइड मारून वर इनॅमल दिलं की झालं. त्यात सेन्सर तेवढा हॉलचा घाल.

बाकी सेसनाचं जवळजवळ सगळं घरी होतं. पण नुसती यादी करून कामाला लागू नकोस. आधी सिममध्ये रत्नागिरीहून सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाला एक फेरी मार, अंतर साठेक नॉटिकल मैल, तिथून पुढे गोव्यातलं मोपा पंचवीसेक. किनारा डावीकडे ठेवून सेसनात निवांत जा आणि कागदावर खुणा करत राहा की माउस सगळ्यात जास्त कुठे न्यावा लागला. माझ्या अनुभवाने उत्तर ठरलेलं येतं: ट्रिम (योकवरचा हाताचा जोर हलका करायचं चाक), रेडिओ, अल्टिमीटरचा म्हणजे उंचीच्या घड्याळाचा नॉब, हेडिंग बग (दिशेची खूण), फ्लॅप. मास्टर स्विच, बीकन, पिटोट हीट हे सगळं उड्डाणात एकदा लावायचं आणि एकदा बंद करायचं. तरीही नवीन माणूस पहिल्यांदा दहा-बारा टॉगलांची, म्हणजे वर-खाली करायच्या स्विचांची, रांगच करतो, कारण ती दिसायला झोकदार दिसते. तुलाही तोच मोह होणार. ठीक आहे, कर, सोल्डरिंगचा हात त्यावर बसेल. पण उड्डाणाची खरी मजा वाढवेल ते ट्रिमचं चाक आणि रेडिओ.

ट्रिमचं चाक एन्कोडरवर, म्हणजे न थांबता गोल फिरून खटके मोजणाऱ्या पार्टवर बसव, पोटेन्शिओमीटरवर नको. चाक अनेक फेऱ्या फिरतं आणि पोटेन्शिओमीटर एका फेरीतही पुरा फिरत नाही. इग्निशनच्या किल्लीला पाच जागा लागतात: ऑफ, आर, एल, बोथ आणि स्टार्ट. यातली स्टार्टची जागा हात सोडल्यावर बोथवर परत यायला हवी. असा स्विच शोधत दुकानं पालथी घालू नकोस. चार जागांचा रोटरी स्विच आणि शेजारी एक दाबायचं बटण, एवढ्यावर इंजिन सुरू होतं.

आता टॉगलबद्दल जरा सविस्तर, कारण किनाऱ्यावरची निम्मी रड इथली आहे. बाजारात सरसकट मिळणारा छोटा टॉगल बहुतेकदा सहा ॲम्पियर, १२५ व्होल्ट असा छापलेला असतो. लोकांना वाटतं, दणकट आहे, चिंता नाही. पण तो दणकटपणाच इथे आडवा येतो. त्यातले कॉन्टॅक्ट चांदीचे असतात आणि जास्त करंट जाईल या हिशेबाने केलेले. चांदीवर हवेने थर चढतो. बऱ्यापैकी करंट वाहत असला तर तो थर आपोआप फुटत राहतो. तू मात्र तो स्विच आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या पिनला जोडतोस आणि बोर्डातला आतला पुल-अप रेझिस्टर, म्हणजे स्विच लागलेला नसताना पिन ५ व्होल्टला धरून ठेवणारा, वापरतोस. तो असतो २० ते ५० किलोओहमचा. म्हणजे ५ व्होल्टला स्विचमधून जाणार ०.१ ते ०.२५ मिलिॲम्पियर. एवढ्याने थर फुटत नाही. वर्षभराने स्विच तीनदा खटखटवल्याशिवाय लागत नाही, आणि मग माणूस म्हणतो की चिनी माल, काय खरं नाही.

मी करतो ते असं: प्रत्येक टॉगलला बाहेरून १ किलोओहमचा पुल-अप लावतो. स्विच लागलेला असताना त्यातून ५ मिलिॲम्पियर जातात, डझनभर स्विच एकदम लागले तरी ६० मिलिॲम्पियर, आणि यूएसबी पोर्ट ५०० देतो. हा करंट पिनमधून जात नाही, सरळ रेझिस्टर-स्विच-ग्राउंड असा जातो, त्यामुळे बोर्डावर ताण नाही. रेझिस्टरला खर्च काही पैशांचा. सोन्याचा मुलामा दिलेल्या कॉन्टॅक्टचे स्विच यासाठीच बनतात, ते मिळाले तर सोन्याहून पिवळं, पण किंमत बघून घेरी येईल.

एन्कोडरची तऱ्हा निराळी. रेडिओचा नॉब म्हणून आपण वापरतो तो सर्वसाधारण ईसी११ जातीचा, मधला दांडा सहा मिलिमीटरचा, बसवायला पॅनेलला सात मिलिमीटरचं भोक. आत पितळी जिभा एका चकतीवर घासतात आणि दोन सिग्नल थोडे पुढेमागे देतात. कुठला आधी आला त्यावरून नॉब उजवीकडे फिरला की डावीकडे ते बोर्डाला कळतं. मागे एकाने परदेशी कंपनीचं तयार रेडिओ पॅनेल माझ्याकडे आणून दिलं. नॉब उजवीकडे फिरवला की फ्रिक्वेन्सी दोन घरं पुढे आणि एक घर मागे. वॉरंटी संपलेली, कंपनीने पत्र पाठवलं की इकडे पाठवा, वाहतूक तुमची. तळाच्या रबरी पायांखाली चार स्क्रू होते. उघडलं तर बोर्डावर कसलाही लेप नाही, सोल्डरिंगच्या वेळचा फ्लक्स तसाच चिकटलेला आणि एन्कोडरच्या पायांवर हिरवा कळंक. आतला एन्कोडर तोच, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो तो. काढून नवे घातले, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, वर पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचा फवारा मारला. ते पॅनेल अजून चालतं. विकत घेतलेलं होतं, पण वाचलं ते उघडता आलं म्हणून.

म्हणून तयार पॅनेल घेताना बघायच्या गोष्टी जाहिरातीत नसतात. तळाला स्क्रू आहेत की सगळं चिकटवून बंद केलंय? नॉबचा दांडा साधा सहा मिलिमीटरचा आहे ना? आणि विंडोजला ते साधा जॉयस्टिक म्हणून दिसतं की कंपनीचं खास सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय मुकं राहतं? सिमची नवी आवृत्ती आली, कंपनीने सॉफ्टवेअरकडे पाठ फिरवली की अशी मुकी पॅनेलं कपाटावर जातात. साधा जॉयस्टिक म्हणून दिसणारं पॅनेल मात्र आजच्या सिमला चालतं आणि उद्याच्याही.

परदेशातून मागवण्यात आणखी एक मेख आहे. २०२० च्या नोव्हेंबरात अलीएक्सप्रेसवर आपल्याकडे बंदी आली, तेव्हापासून स्वस्त मागवायची ती वाट बंद आहे. दुसऱ्या मार्गाने आणलंस तर कस्टम ड्युटी आणि वर जीएसटी लागतो, आणि ड्युटी वस्तूच्या किमतीवर नाही, तर किंमत, विमा आणि वाहतूक या सगळ्याच्या बेरजेवर लागते. जड थ्रॉटल आणायचा तर वाहतुकीचं भाडंही करात धरलं जातं हे लक्षात ठेव. भारतातल्या विक्रेत्याकडून थोडं महाग पडलं तरी घे, निदान बिघडल्यावर भांडायला मराठी-हिंदी चालते.

घरी करायच्या पॅनेलचा मेंदू म्हणून आर्डुइनो मेगा घे. ५४ डिजिटल पिना आणि १६ ॲनालॉग, सेसनाला भरपूर. क्लोन हजार-बाराशेच्या आसपास मिळतो आणि या कामाला पुरतो. सॉफ्टवेअर मोबीफ्लाइट: फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, प्रोग्रामिंगची एक ओळ लिहावी लागत नाही. दोनच गोष्टी सांगतो ज्यावर नवीन माणूस हमखास अडतो. टॉगल स्विचला सिममधली "टॉगल" आज्ञा कधी देऊ नकोस. ती आज्ञा फक्त आहे त्याच्या उलट करते. सिम सुरू होताना विमानाची बॅटरी आधीच चालू असली तर तुझा स्विच खाली असताना दिवे लागलेले आणि वर केला की विझलेले, आणि मग सबंध उड्डाण उलटंच. स्विच वर केला की "चालू", खाली केला की "बंद" अशा दोन वेगळ्या आज्ञा दे. दुसरं, नॉबचा एक खटका फिरवल्यावर आकडा दोनदा किंवा चारदा सरकला, किंवा दोन खटक्यांनी एकदा, तर तार तपासत बसू नकोस. एन्कोडरचा प्रकार सेटिंगमध्ये बदल.

रेडिओच्या आकड्यांना मॅक्स ७२१९ चं आठ अंकी मॉड्यूल लाव. दीड-दोनशेत येतं, तीन तारांवर चालतं. तारा लांब झाल्या की आकडे वेडेवाकडे दिसतात; मॉड्यूलच्या पुरवठ्यावर १० मायक्रोफॅरडचा एक आणि ०.१ चा एक असे दोन कपॅसिटर अगदी जवळ टाकले की बहुतेकदा निस्तरतं. खऱ्या रेडिओला एकात एक असे दोन नॉब असतात, बाहेरचा मेगाहर्ट्झचा, आतला किलोहर्ट्झचा. तसा दुहेरी एन्कोडर महाग आणि दुर्मीळ. एकच दाबता येणारा एन्कोडर घे. दाबला की मेगाहर्ट्झ, पुन्हा दाबला की किलोहर्ट्झ. दोन दिवसांत बोटांना सवय होते.

सहा गोल घड्याळं, म्हणजे वेग, क्षितिज, उंची वगैरे, मोटरी लावून करायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. भंगारवाल्याकडून १९ इंची जुना मॉनिटर आण, त्यावर एअर मॅनेजर या सॉफ्टवेअरने घड्याळं काढ, आणि पुढे भोकं पाडलेलं पॅनेल ठेव. खऱ्या विमानात ही घड्याळं सव्वातीन इंचाला किंचित कमी, म्हणजे ३ १/८ इंच भोकात बसतात, मिलिमीटरमध्ये ७९.४. मॉनिटर पॅनेलला अगदी चिकटून ठेव. मध्ये बोटभर जरी फट राहिली तरी बाजूने बघताना घड्याळाची कड कापली जाते आणि सगळा खेळ उघडा पडतो.

आता पॅनेलची पाटी. एमडीएफ नको. तालुक्याच्या गावात लेझरवाल्याकडे एमडीएफ सहज कापून मिळतं, पण पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि टॉगलचं सहा मिलिमीटरचं भोक काही दिवसांत वाकडं झालेलं दिसतं. चौकटीला मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का बघून, आणि पाटीला ३ मिलिमीटरचं दुधी पांढरं ॲक्रिलिक. ओतीव ॲक्रिलिक माग, दाबून काढलेलं नको, कोरणी स्वच्छ येते. त्यावर आधी काळा रंग, उजेड मागून फुटू नये म्हणून, आणि वर राखाडी. मग लेझरने अक्षरं कोरली की दोन्ही रंग जळून खालचं पांढरं उघडं पडतं आणि मागून दिवा लावला की अक्षरं उजळतात. काळा हात पातळ दिलास तर अंधारात अख्खं पॅनेल कंदिलासारखं उजळेल.

सनबोर्ड स्वस्त पडतो म्हणून लेझरवाल्याला देऊ नकोस. ते पीव्हीसी आहे. लेझरखाली त्यातून क्लोरीनयुक्त आम्लाची वाफ निघते, यंत्र गंजतं आणि माणसाच्या फुफ्फुसालाही ती बरी नाही. जाणता लेझरवाला स्वतःच हाकलून देईल. दुकानाच्या पाट्यांना लावतात ती एसीपी शीट चालते, पण ती लेझरवर नाही, राउटरवर कापावी लागते आणि तिच्यातून उजेड येत नाही.

सगळं कापायच्या आधी तेच चित्र खऱ्या मापात कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटव आणि आठवडाभर पुढ्यात ठेवून उड. हात नॉबवर जाताना शेजारच्या टॉगलला लागतो का, गुडघा चौकटीला आपटतो का, हे पुठ्ठ्यावर कळलेलं स्वस्त. टॉगलच्या मागे तारांसकट चार सेंटिमीटर मोकळी जागा धर.

तारा कल्हईच्या घे. ट्रॉलरवर आम्ही तांब्याची उघडी तार वापरतच नाही. इन्सुलेशनच्या आतून ती हात-हात आतपर्यंत काळी पडते आणि मग सोल्डर धरत नाही. कथिलाचा मुलामा दिलेली तार जरा महाग, पण दहा मीटर किती पैशांची होणार? आर्डुइनोच्या किटबरोबर येतात त्या टोचायच्या रंगीत तारा टेबलावर जुळवणी करायला ठीक, कायमच्या पॅनेलला नको. पहिल्याच पावसाळ्यात त्यांचे सांधे दगा देतात. सोल्डर कर, वर श्रिंक ट्यूब घाल. सोल्डरला डबीतली आम्लाची पेस्ट लावू नकोस, ती भांड्यांची. आणि फ्लक्स धुतल्याशिवाय कोटिंग मारू नकोस, नाहीतर खार आणि ओल आतच कोंडून ठेवशील. स्विच आणि एन्कोडरच्या तोंडाला आधी चिकटपट्टी लाव. कोटिंग आत गेलं की स्विचच मेला. स्क्रू स्टेनलेसचे घे, पण ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवायचे तर मध्ये नायलॉनचा वॉशर हवा. या दोन धातूंचं खाऱ्या हवेत पटत नाही, ॲल्युमिनियमची पांढरी पूड व्हायला लागते.

चाळीस हजारांचं मी असं करीन. निम्म्याहून थोडे जास्त योक आणि पेडलवर जाऊ देत. पाच-सहा हजारांत स्विच पॅनेल, ट्रिम आणि एक रेडिओ होतो. हत्यारांना तेवढेच. उरलेले दिवाळीपर्यंत हात न लावता ठेव, कारण पहिलं पॅनेल वापरल्यावर तुझं मत बदलणार आहे.

ए३२० चं स्वप्न आहे म्हणतोस, तिथे माझं उत्तर जवळजवळ उलटं होतं. तिथला एफसीयू, म्हणजे काचेखालचं ऑटोपायलटचं पॅनेल, विकत घे. त्याचे नॉब फिरतात, आत दाबले जातात आणि बाहेर ओढलेही जातात, आणि या तिन्हींचा अर्थ विमानाला वेगळा. ते यंत्र घरी करणारे आहेत, पण त्यांचं विमान वर्षानुवर्षं हँगरमध्येच असतं. एमसीडीयू, म्हणजे उड्डाणाचा मार्ग वगैरे भरायचा पडदा आणि कळफलक, तोही विकत घे. सत्तरच्या आसपास कळा, प्रत्येकीवर उजळणारं अक्षर, नको रे बाबा. डोक्यावरचं पॅनेल करायचं म्हटलंस तर बोइंग ७३७ चं एअरबसपेक्षा सोपं. बोइंगमध्ये बहुतांशी टॉगल आहेत, म्हणजे आपला हातखंडा. एअरबसमध्ये दोन ओळी उजळणारी चौकोनी बटणं, आणि एकेका बटणाची किंमत ऐकून तू परत सेसनाकडे येशील. काहीही करशील ते खऱ्या मापात कर. दोन वैमानिकांमधल्या पेडेस्टलवरच्या पॅनेलची रुंदी १४६ मिलिमीटर आणि स्क्रूची भोकं ९.५ मिलिमीटरच्या पटीत, हे माप विमानांत ठरलेलं आहे. ते पाळलंस तर आज घरी केलेलं आणि उद्या विकत घेतलेलं एकाच रुळावर शेजारी बसतं.

अशा घरच्या कॉकपिटवर उडवलेले तास वैमानिकाच्या परवान्यासाठी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, धरत नाही. तू तसं विचारलं नाहीस, पण घरचे विचारतील.

खोलीबद्दल दोन शब्द. कौलांखाली झड येते, तेव्हा पॅनेल पश्चिमेच्या खिडकीपासून लांब ठेव, आणि वापरात नसताना वर सुती चादर टाक. प्लास्टिक नको, खाली ओल धरतं. जांभ्यात अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं; पीसीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर पॅनेलला दोष देण्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओत आणि वायरमनला दाखव. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की पीसीचा प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढ, नुसता स्विच बंद करून भागत नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी झोपवण्याची सोय बंद कर, नाहीतर ऐन लँडिंगच्या वेळी पॅनेल गप्प होईल.

आता घाई एकाच गोष्टीची. श्रावण लागला की सगळे लेझरवाले गणपतीच्या मखरांत बुडालेले असतात. २०१८ ला थर्माकोल बंद झाल्यापासून एमडीएफची मखरं कापायला रांग लागते, आणि तुझं दोन फुटी पॅनेल त्या ढिगाऱ्यात कुणी हातात धरणार नाही. आषाढात जा. फाइल कोरलड्रॉमध्ये जुन्या आवृत्तीत सेव्ह करून ने, कापायच्या रेषा एका रंगात आणि कोरायची अक्षरं दुसऱ्या रंगात ठेव. पूर्ण पाटी देण्याआधी त्याच ॲक्रिलिकच्या तुकड्यावर सहा, सात आणि बारा मिलिमीटरचं एकेक भोक पाडून घे. लेझर दोन दशांश मिलिमीटर खातो, तेव्हा तुझे स्विच खिशात घालूनच जा आणि तिथेच बसवून बघ.